अरबी व्यापारी पत्रांतली औपचारिक वाक्यं इंग्रजीत आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. निर्यात विभागात काम करणाऱ्या एकांना सौदी अरेबिया, कुवेत आणि जॉर्डनमधल्या ग्राहकांची अरबी पत्रं इंग्रजीत करून द्यावी लागतात. अरबी बरं येतं, शब्दकोश हाताशी आहे, तरी तयार झालेलं इंग्रजी वाचून त्यांचं त्यांनाच हसू येतं. वरिष्ठ म्हणतात, ‘फापटपसारा काढा’. वकील म्हणतात, ‘एकही शब्द गाळू नका’. ऐकायचं कुणाचं?

दोघांचंही ऐका, पण एकाच कागदावर नको. पत्र हातात आलं की आधी विचारा, हे इंग्रजी कोण वाचणार आणि वाचून काय करणार? ते कोर्टात, लवादापुढे, दूतावासात किंवा व्हिसाच्या अर्जासोबत जाणार असेल तर ते प्रमाणित भाषांतर झालं. त्यात वरच्या बिस्मिल्लापासून खालच्या शिक्क्यातल्या अक्षरांपर्यंत सगळं यायला हवं. सही वाचता येत नसेल तर ‘सही अवाच्य’ असंही चौकोनी कंसात नोंदवायचं. मात्र विक्री विभागाला ग्राहकाला माल कधी हवा आणि पैसे कधी येणार एवढंच कळायला हवं असेल, तर ते कामकाजी भाषांतर. तिथे सलाम, दुआ आणि विशेषणं यांची रांग लावली तर वाचणाऱ्याला मुद्दाच सापडत नाही. इथून पुढे मी मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहिते आहे. पहिल्याचा नियम वेगळा असेल तिथे तसं सांगेन.

अरबी व्यापारी पत्रात दोन तऱ्हेची वाक्यं असतात. काही रीत पाळण्यासाठी असतात, काही कुणाला तरी बांधून घेण्यासाठी. रीतीचं वाक्य अख्खं उचलून बाजूला ठेवायचं आणि त्या जागी इंग्रजी पत्राची रीत बसवायची. बांधणाऱ्या वाक्याचा मात्र शब्द न् शब्द तोलायचा. खरी अडचण ही की काही बांधणारी वाक्यं रीतीचा पोशाख घालून येतात.

मराठी सरकारी पत्रव्यवहार पाहिलेल्या माणसाला यात फारसं नवल वाटणार नाही. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’ असं दिसलं की आपली नजर आपोआप ‘की’च्या पलीकडे जाते. ‘नुफीदुकुम इल्मन बिअन्न’ किंवा ‘नवद्दु अन नुहीतकुम इल्मन’ यांचं काम तंतोतंत तेच. इंग्रजीत ‘वुई विश टु सराउंड यू विथ नॉलेज’ असलं काही नको, आणि बहुतेक वेळा ‘वुई वुड लाइक टु इन्फॉर्म यू दॅट’ही नको. जे कळवायचं ते थेट लिहा.

सुरुवातीपासून जाऊ. पत्ता आणि संबोधन यांत लोक सर्वाधिक अडखळतात ते पदव्यांवर. ‘अल-उस्ताज़’ म्हणजे प्राध्यापक नव्हे. व्यापारी पत्रात तो साधा ‘मिस्टर’ असतो. प्राध्यापक असेल तर ‘अल-उस्ताज़ अद-दुक्तूर’ अशी जोडी येते. ‘सआदा’ हा मान राजदूत आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचा, पण आखाती देशांत कंपनीच्या महाव्यवस्थापकालाही सौजन्य म्हणून ‘सआदतुल मुदीर’ लिहितात. त्याचं ‘हिज एक्सलन्सी’ केलंत तर इंग्रजी वाचणाऱ्याला वाटेल एखादा राजदूत भेटायला येतोय. तिथे ‘मिस्टर’ आणि आडनाव पुरे. ‘मआली’ मंत्र्यांसाठी असतं, ‘साहिबुस्सुमू’ राजघराण्यासाठी. या दोन ठिकाणी मात्र ‘हिज एक्सलन्सी’ आणि ‘हिज हायनेस’ ठेवायलाच हवं. राजघराण्याच्या संबोधनात ‘अल-मलकी’ जोडलं असेल तर ‘हिज रॉयल हायनेस’. नावानंतरचे ‘अल-मुहतरम’ (आदरणीय) आणि ‘हफिज़हुल्लाह’ (अल्लाह त्यांचं रक्षण करो) कामकाजी भाषांतरात गळतात. ‘अस्सादा’ने सुरू होणारी कंपनी म्हणजे ‘मेसर्स’, जे हल्ली इंग्रजीत नुसतं कंपनीचं नाव लिहूनही भागतं. कंपनीच्या नावाचं भाषांतर मात्र कधीही स्वतः करू नका. लेटरहेडवर किंवा व्यापार नोंदणीत जे इंग्रजी नाव आहे तेच घ्या, त्यातलं स्पेलिंग तुम्हाला चुकीचं वाटलं तरी.

मग येतं ‘तहिय्या तय्यिबा, व बअद’. यंत्राने ‘गुड ग्रीटिंग अँड आफ्टर’ केलेलं अधूनमधून दिसतं. ‘व बअद’चं काम फक्त ‘नमस्कार झाला, आता मुद्दा’ असं सांगणं. इंग्रजी पत्रात ते काम ‘डिअर सर’ आणि त्याखालची मोकळी ओळ करते. ‘अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाहि व बरकातुहू’लाही तेच लागू, फक्त प्रमाणित भाषांतरात त्याचा पूर्ण अर्थ लिहायचा. आणखी एक फरक ध्यानात ठेवा. दूतावास जेव्हा परराष्ट्र खात्याला ‘तुहदी... अतयब तहिय्यातिहा’ लिहितो, तेव्हा इंग्रजीत त्यासाठी ठरलेला साचा आहे: ‘प्रेझेंट्स इट्स कॉम्प्लिमेंट्स’, आणि शेवटी ‘अव्हेल्स इटसेल्फ ऑफ धिस ऑपॉर्च्युनिटी’ वगैरे. तो साचा राजनैतिक टिपणापुरताच. टाइल्स विकणाऱ्या कंपनीने ‘नुहदीकुम अतयबत्तहिय्यात’ लिहिलं म्हणून तिला दूतावासाचे कपडे चढवू नयेत.

संदर्भाच्या ओळी सोप्या आहेत. ‘बिल इशारा इला खिताबिकुम’ म्हणजे ‘वुई रिफर टु युवर लेटर’ किंवा ‘थँक यू फॉर युवर लेटर’. ‘इल्हाकन लि खिताबिना’ म्हणजे ‘फर्दर टु अवर लेटर’. आधीच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख दिली असेल तर ती कुठल्याही भाषांतरात गाळायची नाही. पुढे वाद झाला तर धागा याच आकड्यांवरून लागतो.

‘हैसु इन्न’ दिसलं की सावध राहा. ‘हैसु’ म्हणजे ‘जिथे’ हे शाळेत शिकवलेलं असतं. पण पत्रात ‘हैसु इन्न’ म्हणजे ‘कारण’, इंग्रजीत ‘सिन्स’ किंवा ‘अ‍ॅज’. आणि ‘व अलैही’, म्हणजे ‘त्यानुसार’? ही माझी सर्वांत लाडकी खूण. लांबलचक परिच्छेदात आधी पार्श्वभूमी येते, मग कौतुक, मग कारणं, आणि ‘व अलैही’ किंवा ‘लिज़ा’ आलं की पुढच्या शब्दापासून खरी मागणी सुरू होते. नवं पत्र आलं की मी आधी तो शब्द शोधते, तिथून शेवटपर्यंत वाचते आणि मग वर जाते. इंग्रजी पत्रात मागणी वर आणून ठेवायलाही हरकत नसते, कामकाजी भाषांतर असेल तर.

मागणीच्या क्रियापदांवर थोडं थांबते, कारण इथे अर्थ खरोखर निसटतो. ‘नअमल’चा कोशातला अर्थ ‘आम्ही आशा करतो’. पण मंत्रालयाने कंत्राटदाराला ‘नअमल मुवाफातना बिल-मुस्तनदात’ लिहिलं, तर ती आशा नसते. कागदपत्रं पाठवा, असा आदेश असतो. इंग्रजीत ‘वुई होप यू विल सेंड’ लिहिलं तर वाचणाऱ्याला ते ऐच्छिक वाटतं, आणि मुदत उलटून गेल्यावर गडबड कळते. सरळ ‘प्लीज सेंड अस’ लिहा. ‘नरजू अत्तकर्रुम’, ‘युरजा’, ‘अर्रजा अल-इफादा’ या सगळ्यांना बहुतेक वेळा एकच ‘प्लीज’ पुरतं. शेवटच्याला ‘प्लीज लेट अस नो’. ‘अल-ईआज़ लिमन यल्ज़म’ म्हणजे ज्याला सांगायचं त्याला सांगा. इंग्रजीत ‘प्लीज अरेंज फॉर’ एवढ्यात ते आटोपतं, कारण आदेश कुणी कुणाला द्यायचा हा वाचणाऱ्याच्या ऑफिसचा घरगुती मामला आहे.

‘लिल इत्तिला व इत्तिखाज़िल लाज़िम’ला ‘माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव’ हे सख्खं मराठी भावंड आहे. इंग्रजीत आपल्याकडच्या माणसाच्या ओठावर लगेच ‘डू द नीडफुल’ येतं, आणि गंमत म्हणजे शब्दाला शब्द ते अगदी चपखल बसतं. आखातातल्या ऑफिसांत ते सर्रास चालतंही. पण लंडन किंवा शिकागोला जाणाऱ्या पत्रात ते विचित्र दिसतं. तिथे ‘फॉर युवर इन्फर्मेशन अँड अ‍ॅक्शन’ लिहावं. ‘युवर एस्टीम्ड कंपनी’चंही तसंच. अरबीतलं ‘शरिकतुकुमुल मुवक्करा’ आपल्याला तिथे ढकलत नेतं, पण ‘युवर कंपनी’ म्हटल्याने कुणाचा मान कमी होत नाही.

आता तो सापळा, ज्यात चांगली अरबी येणारी माणसंही सापडतात: ‘नअतज़िर अन कबूल अर्दिकुम’. ‘नअतज़िर’ म्हणजे क्षमा मागणं, ‘कबूल’ म्हणजे स्वीकार, ‘अर्द’ म्हणजे देकार. तिघांची बेरीज केली तर निघतं, ‘तुमचा देकार स्वीकारल्याबद्दल क्षमस्व’. अर्थ नेमका उलटा आहे. ‘इअतज़र अन’च्या पुढे कृतीचं नाम आलं की ती कृती करायला विनम्र नकार असतो: ‘वुई रिग्रेट दॅट वुई आर अनेबल टु अ‍ॅक्सेप्ट युवर ऑफर’. मात्र ‘इअतज़र अन’च्या पुढे विलंब किंवा चूक आली तर ती खरीच क्षमायाचना असते: ‘वुई अपॉलोजाइज फॉर द डिले’. म्हणजे पुढचं नाम पाहिल्याशिवाय क्रियापदाला हात लावायचा नाही.

तसाच दुसरा सापळा नोकरीच्या दाखल्यात भेटतो. ‘इला मन यहुम्मुहुल अम्र’ म्हणजे ‘टु हूम इट मे कन्सर्न’, इथवर सगळे सुखरूप पोचतात. पुढे येतं, ‘व ला यज़ालु अला रअसि अमलिही’. ‘रअस’ म्हणजे डोकं, प्रमुख. यावरून एखाद्या स्टोअरकीपरला इंग्रजीत ‘हेड’ करून बढती दिलेली असते. अर्थ फक्त एवढाच की ती व्यक्ती अजून नोकरीत आहे: ‘अँड इज स्टिल एम्प्लॉइड बाय अस’. बँक किंवा वकिलात पदनाम तपासते, त्यामुळे ही गंमत महाग पडते. त्याच दाखल्याच्या शेवटी ‘बिनाअन अला तलबिही, दून अदना मसऊलिय्या’ असतं. हे रीतीचं वाटतं आणि घाईत गाळलं जातं. गाळू नका. ‘त्यांच्या विनंतीवरून दिला आहे, कंपनीवर कसलीही जबाबदारी नाही’ हे कंपनीने स्वतःच्या बचावासाठी लिहिलेलं असतं. ‘इश्यूड अ‍ॅट हिज रिक्वेस्ट, विदाउट एनी लायबिलिटी ऑन द पार्ट ऑफ द कंपनी’, असं पूर्ण आलं पाहिजे.

पोशाख घातलेली आणखी वाक्यं थकबाकीच्या पत्रांत सापडतात. समजा एका पत्राचा शब्दशः आशय असा आहे: ‘आपल्या सन्माननीय कंपनीस उत्तम अभिवादन अर्पण करून, आणि आमच्या १० मार्चच्या पत्रास जोडून, आपणांस कळवतो की आमच्या बिलाची रक्कम आजच्या तारखेपर्यंत अदा झालेली नाही. त्यानुसार, आपण उदारपणे ज्याला आवश्यक त्याला सूचना देऊन या तारखेपासून पंधरा दिवसांच्या आत रक्कम भरावी अशी आशा करतो. न भरल्यास आम्हाला खेदपूर्वक आवश्यक ती कायदेशीर पावलं उचलणं भाग पडेल, आमचे सर्व हक्क राखून. आणि आमच्या परमोच्च आदराचा व सन्मानाचा स्वीकार व्हावा.’

याचं कामकाजी इंग्रजी एवढंच: ‘फर्दर टु अवर लेटर ऑफ १० मार्च, अवर इन्व्हॉइस रिमेन्स अनपेड. प्लीज अरेंज पेमेंट विदिन १५ डेज ऑफ द डेट ऑफ धिस लेटर. इफ पेमेंट इज नॉट रिसीव्ह्ड बाय देन, वुई विल हॅव नो चॉइस बट टु टेक लीगल अ‍ॅक्शन. वुई रिझर्व्ह ऑल अवर राइट्स. युअर्स फेथफुली.’

यात काय गेलं आणि काय राहिलं ते बघा. अभिवादन, सन्मान, उदारपणा आणि सूचना देणं गेलं. पंधरा दिवस राहिले, आणि ते कुठून मोजायचे तेही. ‘मिन तारीखिही’ म्हणजे पत्राच्या तारखेपासून. ‘मिन तारीखिल इस्तिलाम’ असतं तर मिळाल्यापासून. ‘फी मौइदिन अक्साहू’ अशी तारीख दिली असेल तर ‘नो लेटर दॅन’. ‘खेदपूर्वक’ हे ‘नो चॉइस बट’मध्ये मुरलं. धमकीची पातळी मात्र होती तेवढीच ठेवली आहे. ‘अल-इजराआतुल कानूनिय्या’ म्हणजे कायदेशीर कारवाई; तिचं ‘वुई विल सू यू’ करायचा अधिकार भाषांतरकाराला नाही.

आणि ‘मअ इहतिफाज़िना बिकाफ्फति हुकूकिना’. याचं ‘वुई रिझर्व्ह ऑल अवर राइट्स’ बरोबर. काही जण पत्राच्या माथ्यावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहून मोकळे होतात. इंग्लंडच्या कायद्याच्या धाटणीत त्या दोन शब्दांचं काम अगदीच वेगळं आहे. तडजोडीच्या खऱ्या बोलणीत लिहिलेलं पत्र साधारणतः कोर्टात पुरावा म्हणून दाखवता येऊ नये, यासाठी ते वापरतात. तुमच्या ग्राहकाला तर हेच पत्र उद्या कोर्टात दाखवायचं असतं. वाक्याच्या आत ‘दूनल इख्लाल बि...’ आलं तर ‘विदाउट प्रेज्युडिस टु’ आणि पुढे कशाला बाधा न येता ते, असं लिहायला हरकत नाही. मथळा म्हणून नको.

‘इन्शाअल्लाह’बद्दल नेहमी विचारलं जातं. ‘माल पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला पोचेल इन्शाअल्लाह’ या वाक्यातून कामकाजी भाषांतरात मी ते काढते. ‘होपफुली’ कधीही लिहीत नाही, कारण त्याने वचन सैल होतं आणि लिहिणाऱ्याने ते सैल केलेलं नसतं. प्रमाणित भाषांतरात ‘गॉड विलिंग’.

तारखांवर मात्र जरा वेळ घालवा. सौदी पत्रावर बहुधा हिजरी तारीख असते, सोबत ‘अल-मुवाफिक’ म्हणून इसवी. सौदी अरेबियाची अधिकृत हिजरी दिनदर्शिका उम्मुल कुरा. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने सरकारी व्यवहारांतल्या मुदती इसवी दिनदर्शिकेने मोजण्याला मान्यता दिली, शरीयतशी जोडलेल्या बाबी सोडून. पण जुन्या करारांचा आणि पत्रांचा ढीग हिजरीतच आहे. नुसती हिजरी तारीख असेल तर ती तशीच ठेवून कंसात इसवी द्या आणि उम्मुल कुराप्रमाणे बदललीत असं लिहा. कारण चंद्रदर्शनावर चालणाऱ्या देशांत एका दिवसाचा फरक पडतो. सौदीत ७ रमज़ान १४४५ म्हणजे १७ मार्च २०२४. मोरोक्को आणि ओमानमध्ये त्या वर्षी रमज़ान एक दिवस उशिरा लागला, म्हणजे तिथे तोच ७ रमज़ान १८ मार्चला. हिजरी वर्ष इसवीपेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं. त्यामुळे ‘एक वर्षाची हमी’ कुठल्या वर्षाची, हेही विचारून घ्यावं लागतं.

जॉर्डनच्या पत्रांत इसवी महिनेच, पण जुन्या नावांनी येतात. ‘कानून सानी’ म्हणजे जानेवारी आणि ‘कानून अव्वल’ डिसेंबर. ‘तिशरीन अव्वल’ ऑक्टोबर आणि ‘तिशरीन सानी’ नोव्हेंबर. ‘पहिला कानून’ वर्षाच्या शेवटी आणि दुसरा सुरुवातीला, हे पाठच करावं लागतं. अल्जीरिया आणि ट्युनिशियात फ्रेंच वळणाचे ‘जानफी’, ‘जुविलिया’ दिसतात. ‘कामाचे दिवस’ असा शब्द आला तर देश बघा. सौदीत २०१३ पासून शुक्रवार आणि शनिवार सुटी आहे. अमिरातीत जानेवारी २०२२ पासून संघराज्य सरकारची कार्यालयं शनिवार-रविवार बंद आणि शुक्रवारी अर्धा दिवस चालू असतात.

रकमा. कुवेत, बहरीन आणि ओमानच्या चलनाचे हजार भाग होतात, म्हणून दशांशानंतर तीन आकडे येतात. कुवेती बिलावरचे १,२५०.५०० म्हणजे बाराशे पन्नास दिनार आणि पाचशे फिल्स. साडेबारा लाख नव्हेत. अंक अरबी लिपीतले असतील तर त्यातला पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो, शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि सहा दिसतो इंग्रजी सातसारखा. फॅक्सच्या किंवा झेरॉक्सच्या प्रतीत ठिपका उडाला की हजारांचे शंभर होतात. म्हणून अक्षरी रक्कम आधी वाचा, मग आकडे तिच्याशी ताडून पाहा. ‘मब्लग व कद्रुहू... फकत ला गैर’ हा सगळा सोहळा इंग्रजीत ‘द सम ऑफ... ओन्ली’ एवढा उरतो. ‘ओन्ली’ ठेवा, त्यामुळे पुढे आकडा वाढवता येत नाही.

समारोपाच्या ‘व तफद्दलू बिकबूलि फाइकिल इहतिरामि वत्तकदीर’ला डोकं चालवायची गरज नाही. ब्रिटिश रीतीत ‘डिअर सर’ने सुरू केलं असेल तर ‘युअर्स फेथफुली’, नावाने सुरू केलं असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’. अमेरिकन वाचकासाठी ‘सिन्सिअरली’. ‘शाकिरीन लकुम हुस्न तआवुनिकुम’ असेल तर आधी ‘थँक यू फॉर युवर कोऑपरेशन’ची एक ओळ. आदर आणि सन्मान, आभार आणि कृतज्ञता अशा जोड्यांतला एकच शब्द घ्या. पण जोडी कराराच्या कलमात आली असेल तर दोन्ही.

सहीखाली पदनामाआधी ‘अन’ लिहिलेलं असेल तर सही करणारा दुसऱ्याच्या वतीने करतोय. इंग्रजीत पदनामाआधी ‘फॉर’ आलंच पाहिजे, नाहीतर कारकुनाची सही महाव्यवस्थापकाची होऊन बसते. ‘मुर्फक तय्यहू’ म्हणजे सोबत जोडलं आहे. लिफाफ्यात ते खरंच आहे का तेही बघा आणि नसेल तर कळवा. अगदी तळाशी ‘नुस्खा मअत्तहिय्या इला’ असतं, म्हणजे प्रत कुणाकुणाला गेली. प्रतींच्या यादीत कायदा विभागाचं नाव असेल तर भाषांतरासोबतच्या टिपणात ते वेगळं लिहून द्या, कारण विक्री विभागातलं कुणी तिथवर वाचत नाही.